आठवड्याचा घरखर्च नेमका किती? किराणा, बाजार आणि बेगमी यांचा एकत्र हिशेब मांडण्याची रीत

मराठवाड्यातल्या एखाद्या घरात आठवड्याला खाण्यापिण्यावर आणि रोजच्या वापराच्या वस्तूंवर किती खर्च होतो, असे विचारले, तर बहुधा आठवडी बाजाराला जाताना खिशात घातलेल्या पैशांचा आकडा सांगितला जातो. तो खोटा नसतो, पण त्यात कणगीतली ज्वारी नसते, महिन्याच्या सुरुवातीला आलेला किराणा नसतो, उंबऱ्यावर येणारे दूध नसते आणि उन्हाळ्यात विकत घेतलेले पाणीही नसते. आपल्याकडची खरेदी चार वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालते. दूध आणि फुटकळ वस्तू रोजच्या रोज येतात, भाजीपाला बाजाराच्या दिवशी, किराणा महिन्याला आणि धान्य, डाळ, तिखट यांची बेगमी, म्हणजे साठवण, वर्षातून एकदा. या चारही खर्चांना एकाच मापात आणल्याशिवाय आठवड्याचा खरा आकडा हाती लागत नाही. ते कसे आणावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : वही आणि चार आठवडे

दोनशे पानी साधी वही पुरते. मोबाइलमधल्या हिशेबाच्या ॲपला हरकत नाही, पण घरात खरेदी करणारे हात एकाहून अधिक असतात आणि मोबाइल एकाच्याच खिशात असतो. बाजार एक जण करतो, दूधवाल्याचे पैसे दुसरे कोणी देते, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी किंवा पाव मुलगा आणतो. त्यामुळे वही स्वयंपाकघरात, सर्वांच्या हाताशी, दोरीने पेन बांधून ठेवलेली बरी.

पानावर पाच रकाने आखावेत : तारीख, वस्तू, वजन किंवा नग, रक्कम आणि पैसे रोख दिले की उधारीवर घेतले. वजनाचा रकाना लोक हमखास गाळतात आणि तिथेच हिशेब निकामी होतो. ‘तेल ६००’ एवढेच लिहिले, तर पुढच्या महिन्यात ६८० झाल्यावर भाव वाढला की वापर वाढला, हे कळायला मार्ग उरत नाही. यूपीआयने पैसे देणाऱ्यांनी बँकेच्या विवरणावर विसंबू नये, कारण त्यात दुकानाचे नाव आणि रक्कम येते, घेतलेली वस्तू येत नाही. उधारीच्या वहीचेही तेच आहे. दुकानदार त्याच्या सोयीसाठी ‘किराणा ३४०’ अशी एकच ओळ टाकतो. म्हणून उधारीची वस्तू ज्या दिवशी घरात आली, त्याच दिवशी ती आपल्या वहीत नोंदवावी. पुढे पगाराला किंवा सोयाबीनची पट्टी (विक्रीचे पैसे) आल्यावर उधारी चुकती केली, तर ती रक्कम पुन्हा खर्चात धरू नये.

नोंद सलग चार आठवडे ठेवावी. सण, लग्नकार्य किंवा दीर्घ पाहुणचार असलेला महिना यासाठी घेऊ नये. भाजीपाल्यापुरती मात्र एका महिन्याची नोंद फसवी असते. मार्गशीर्ष ते माघ या काळात मेथी, पालक, वांगी, टोमॅटो उतरलेल्या भावात मिळतात, तर मे-जूनमध्ये तीच पिशवी भरायला कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. त्यामुळे भाजीची नोंद एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस घ्यावी व दोन्हींची सरासरी धरावी.

दुसरी पायरी : वर्षाची बेगमी आठवड्यात उतरवणे

नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, येते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, गहू त्यामागोमाग येतो, आणि लाल मिरची व वसमतकडची हळद याच सुमारास बाजारात असते. त्यामुळे मराठवाड्यात बेगमी भरण्याचे काम साधारण होळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते. ज्या महिन्यात ती भरली जाते, त्या महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते आणि बाकीचे महिने स्वस्त भासतात.

बेगमीचा हिशेब करताना फक्त भाव आणि क्विंटल लिहून भागत नाही. मोंढ्यातून घरी आणण्याचे भाडे, हमाली, चाळण-निवडण केल्यावर निघालेली माती-खड्यांची घट (क्विंटलमागे दोन-तीन किलो धरायला हरकत नाही), गव्हाला चोळलेले एरंडेल तेल, मिरचीचे कांडप आणि येसराचा मसाला भाजून-कुटून घेण्याची मजुरी हे सगळे त्यात आले पाहिजे. बेरजेला ५२ ने भागले की आठवड्याचा वाटा निघतो. दळण मात्र महिन्याच्या खर्चात धरावे, कारण गिरणीचे पैसे दर खेपेला वेगळे जातात.

गावाकडे अजूनही पायली आणि शेराने धान्य मोजतात. पायली हे आकारमानाचे माप असल्यामुळे एक पायली ज्वारी आणि एक पायली तूर यांचे वजन सारखे भरत नाही, शिवाय दोन तालुक्यांतली पायलीही सारखी असेलच असे नाही. आपल्या घरातले माप एकदा काट्यावर मोजून त्या आकड्याची चिठ्ठी डब्यावर चिकटवून टाकावी.

तूर घरी भरडून डाळ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लातूरच्या डाळ गिरण्यांतसुद्धा १०० किलो तुरीमागे साधारण ७० ते ७५ किलोच डाळ निघते आणि घरच्या जात्यावर त्याहून कमी. म्हणजे ७० रुपये किलोच्या तुरीची डाळ भरडण्याचा खर्च न धरताही ९३ ते १०० रुपये किलो पडते. ‘घरची डाळ सत्तर रुपयांत’ हा समज त्यामुळे हिशेबात टिकत नाही, जरी चवीच्या बाबतीत तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ असले तरी.

साठवणीत कीड लागली की वाचवलेले पैसे गेले. कडक उन्हात वाळवलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरावे, गरम असताना झाकण लावू नये. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

तिसरी पायरी : महिन्याचा किराणा

यादी घरातच करावी आणि ती करण्याआधी डबे उघडून पाहावेत. मागच्या महिन्याचे पोहे, साबुदाणा, भगर शिल्लक असताना सवयीने पुन्हा किलो-किलो लिहिले जाते. यादीसमोर शिल्लक लिहिण्याची सवय लागली, तर दोनच महिन्यांत घराचा खरा वापर किती, हे समजते.

किराण्यात सर्वांत जास्त लक्ष तेलावर हवे. तेल लिटरने आणि किलोने, दोन्ही मापांनी विकले जाते आणि एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. १५ लिटरच्या डब्यात म्हणूनच सुमारे १३.६५ किलो तेल असते. १५ किलोच्या डब्याशी त्याची तुलना केली, तर १.३५ किलोचा फरक पडतो. १५० रुपये किलोचा भाव धरल्यास तो दोनशे रुपयांचा झाला. शेजारी ठेवलेले दोन डबे दिसायला सारखेच असतात. पाकिटांतही ‘एक लिटर’च्या आकाराची, पण ८५० किंवा ८०० ग्रॅमची पाकिटे असतात. पाकिटबंद मालावर आता प्रतिग्रॅम, प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर छापणे बंधनकारक आहे. कमाल किमतीजवळची ती बारीक ओळ वाचावी आणि तुलना तिच्यावरूनच करावी. करडईचे घाण्याचे तेल घेणाऱ्यांना छापील दर मिळणार नाही, त्यांनी किलोचा भाव विचारून वहीत तसाच लिहावा.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते, हा समजही तपासून घ्यावा. चहा, साबण, कपडे धुण्याची पावडर यांत बहुधा तसे असते. शॅम्पूच्या बाबतीत मात्र दोन रुपयांची पुडी प्रति मिलिलिटर बाटलीपेक्षा स्वस्त पडते, असे अनेकदा दिसते, आणि पुडीत वापरही हात राखून होतो.

कराचा भागही थोडक्यात समजून घ्यावा. १८ जुलै २०२२ पासून पाकिटबंद आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी व पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, तर पोत्यातून सुट्टे मोजून दिलेल्या धान्यावर तो नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली. ज्यांच्याकडे त्यापूर्वीच्या वह्या आहेत, त्यांनी जुन्या आणि नव्या खर्चाची तुलना करताना हा बदल लक्षात ठेवावा.

महिन्याच्या रकमेचा आठवडा काढताना चारने भागू नये. वर्षात ५२ आठवडे आणि १२ महिने असतात, म्हणून रकमेला १२ ने गुणून ५२ ने भागावे. चारने भागल्यास दर आठवड्याचा आकडा सुमारे ८ टक्के फुगतो.

चौथी पायरी : बाजार, दूध आणि फुटकळ खर्च

आठवडी बाजाराची नोंद सोपी आहे. पिशवी ओतल्यावर लगेच लिहावे, उद्यावर टाकू नये. दिवेलागणीला बाजार उठायच्या वेळी भाव पडतात हे खरे, पण पालेभाजी तोवर कोमेजलेली असते आणि निम्मी टाकून द्यावी लागली, तर स्वस्ताई उरत नाही. कांदा, बटाटा, लसूण, भोपळा संध्याकाळी घ्यावा आणि पालेभाजी सकाळी, हा जुना शहाणपणा हिशेबातही खरा ठरतो. मांस, मासे, अंडी यांची नोंद भाजीपासून वेगळी ठेवावी, कारण त्यांचा खर्च आठवड्यागणिक फार बदलतो.

खरी गळती असते ती दहा-वीस रुपयांच्या खरेदीत. बिस्किटांचा पुडा, फरसाण, पाव, शीतपेयाची छोटी बाटली, शाळेतून आल्यावर मुलांना लागणारे काहीतरी, या वस्तू कोणी लिहीत नाही. चार आठवडे त्या कटाक्षाने लिहाव्यात. पान-तंबाखूसाठी वेगळा रकाना ठेवावा. ज्याचा खर्च त्याने स्वतः लिहिला, तर घरात वाद कमी होतो.

पाचवी पायरी : पाणी आणि गॅस

इतर प्रदेशांतल्या घरखर्चाच्या कोष्टकांत पाण्याचा रकाना सहसा दिसत नाही. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात तो गाळणे शक्य नाही. छत्रपती संभाजीनगरातही नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात अनेक वसाहती टँकरवर असतात. पिण्याचे २० लिटरचे जार आणि वापरण्याचे टँकरचे किंवा ड्रमचे पाणी असे दोन भाग करावेत. जारचा खर्च वर्षभर जवळपास सारखा राहतो, टँकरचा मात्र फेब्रुवारी ते जून या काळात साठतो. म्हणून टँकरची वर्षाची बेरीज करून तिला ५२ ने भागावे, नाहीतर उन्हाळ्यातला आकडा घाबरवतो आणि श्रावणातला फसवतो.

गॅससाठी १४.२ किलोचा सिलेंडर ज्या दिवशी जोडला, ती तारीख खडूने त्याच्यावरच लिहावी. ९०० रुपयांचा सिलेंडर ३० दिवस पुरला, तर रोजचे ३० आणि आठवड्याचे २१० रुपये झाले. उज्ज्वला योजनेचे अनुदान किंवा मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाला तीन मोफत सिलेंडरांची रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावरच वजा करावी. ती येणार आहे, या भरवशावर आधीच खर्च कमी दाखवू नये.

सहावी पायरी : रेशन आणि शेतातले धान्य

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी रोख रक्कम देण्याची पद्धत आली. हे पैसे उत्पन्नाच्या बाजूला लिहावेत.

मोफत धान्याची किंमत रोख खर्चात मिळवू नये, पण वेगळ्या रकान्यात बाजारभावाने जरूर लिहावी. पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो मिळत असेल आणि अंगठा न जुळल्यामुळे किंवा ई-केवायसी राहिल्यामुळे एखाद्याचे नाव अडकले, तर त्या महिन्यात घरावर किती बोजा पडेल, हे त्या रकान्यावरून आधीच दिसते.

घरच्या शेतातून आलेल्या ज्वारीची, तुरीची किंमत शून्य धरण्याची सवय सर्वत्र आहे. जे पोते मोंढ्यात विकता आले असते, ते खाण्यासाठी ठेवले, म्हणजे तेवढे उत्पन्न सोडले. त्या दिवशी मोंढ्यात जो भाव मिळाला असता, तोच इथे धरावा, किराणा दुकानातला नाही.

सातवी पायरी : बेरीज

आता एक उदाहरण करून पाहू. परभणीसारख्या शहरात भाड्याने राहणारे, रेशन आणि शेतीचा आधार नसलेले पाच जणांचे कुटुंब धरू : नवरा-बायको, दोन शाळकरी मुले आणि आजी. पुढचे भाव रीत समजावी म्हणून गोल आकड्यांत धरले आहेत, वाचकांनी तिथे आपले आकडे घालावेत.

वर्षाच्या बेगमीत ३ क्विंटल ज्वारी १०,५०० रुपयांची, २ क्विंटल गहू ६,४०० रुपयांचा, ४० किलो तूर डाळ ४,८०० रुपयांची, ५ किलो मिरची १,२५० रुपयांची, २ किलो हळद ४०० रुपयांची आणि कांडप-भाडे ६५० रुपये. एकूण २४,००० रुपये, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६०. महिन्याच्या खर्चात खाण्याचा किराणा ३,६००, साबण-पावडर वगैरे १,२००, गॅस ९००, पाणी ६०० आणि दळण २००, मिळून ६,५०० रुपये. त्याला १२ ने गुणून ५२ ने भागले की आठवड्याचे १,५०० येतात. बाजाराच्या दिवशी भाजी ५५०, फळे १५० आणि अंडी-मटण २५०, असे ९५० रुपये जातात. रोजचे एक लिटर दूध ६० रुपयांनी आठवड्याला ४२० आणि फुटकळ ४० रुपयांनी २८०, असे आणखी ७०० रुपये.

शिवाय महालक्ष्म्या, दिवाळी, वेळ अमावस्येचे वनभोजन किंवा ईदचा शीरखुर्मा यांसाठी, त्या त्या घराच्या रीतीप्रमाणे, वर्षाचे ७,८०० रुपये धरले, तर आठवड्याचे १५० होतात. एकूण बेरीज ३,७६० रुपये. ‘आठवड्याला हजारभर लागतात’ असे हे कुटुंब प्रामाणिकपणे सांगत होते आणि बाजारापुरते ते बरोबरही होते, पण प्रत्यक्ष खर्च त्याच्या जवळजवळ चौपट निघाला.

आठवी पायरी : आकडा ताडून पाहणे

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात देशभराची दरडोई मासिक सरासरी ग्रामीण भागात ४,१२२ आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आढळली. यात भाडे, शिक्षण, औषधे, कपडे, प्रवास असा सगळा खर्च येतो. त्यातला अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४७.०४ टक्के आणि शहरी भागात ३९.६८ टक्के होता, म्हणजे दरडोई अनुक्रमे सुमारे १,९४० आणि २,७७५ रुपये. वरच्या कुटुंबाच्या ३,७६० रुपयांतून साबण, गॅस आणि पाणी यांचे ६२३ रुपये वगळले, तर अन्नावरचा खर्च आठवड्याला ३,१३७ रुपये उरतो. महिन्याच्या हिशेबात तो माणशी सुमारे २,७२० होतो आणि शहरी सरासरीच्या अगदी जवळ येतो. ही देशाची सरासरी आहे, तिच्यापेक्षा शे-दोनशे इकडेतिकडे असल्याने काही बिघडत नाही. दुप्पट किंवा निम्मा आकडा आला, तर मात्र वही पुन्हा तपासावी. बहुधा एखादा खर्च दोनदा धरलेला असतो किंवा एखादे वेळापत्रक गळालेले असते.

या सर्वेक्षणाची पद्धतही आपल्याला उपयोगी आहे. भाजी, फळे, तेल, अंडी-मांस यांचा खर्च सात दिवसांचा, धान्य-डाळी-साखरेचा तीस दिवसांचा आणि कपडे-भांड्यांसारख्या वस्तूंचा वर्षाचा विचारला जातो, कारण ज्या वस्तूची खरेदी ज्या गतीने होते, त्याच मुदतीचा खर्च माणसाला नीट आठवतो. आपली चार वेळापत्रके त्याच तत्त्वावर आहेत.

नववी पायरी : कात्री कुठे लावावी

आकडा पाहिल्यावर पहिली कात्री भाजी किंवा दुधाला लावली जाते. माझ्या मते ती चुकीच्या जागी लागते. उदाहरणातल्या कुटुंबात फुटकळ खाण्याचे रोजचे ४० रुपये वर्षाला १४,६०० होतात, तर वर्षाची ज्वारी आणि गहू मिळून १६,९०० रुपयांचा आहे. सर्वेक्षणातही अन्नखर्चात सर्वांत मोठा वाटा पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा निघाला, ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या ९.८४ आणि शहरी भागात ११.०९ टक्के. तयार पुड्यांऐवजी महिन्यातून दोनदा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू किंवा ज्वारीच्या लाह्या करून ठेवल्या, तरी यातले निम्मे पैसे वाचू शकतात. करणाऱ्या बाईचे कष्ट मात्र वाढतात, म्हणून ते काम एकटीवर टाकायचे नाही, हेही आधीच ठरवावे.

तेलाचा वापर वहीतून माणशी काढावा. पाच जणांना महिन्याला चार किलो म्हणजे माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी जवळपास तेवढेच तेल-तूप धरलेले आहे. त्याहून जास्त जात असेल, तर पैसा आणि प्रकृती दोन्हींसाठी तिथे हात आखडता घ्यावा. डाळीला मात्र कात्री लावू नये, विशेषतः ज्या घरात मांस-अंडी येत नाहीत, तिथे.

बेगमीसाठी एकरकमी पैसे नसतील, तर व्याजाने काढून धान्य भरण्याआधी साधा हिशेब करावा. शेकडा दोन रुपये महिन्याच्या व्याजाने २०,००० रुपये सहा महिने वापरले, तर व्याजच २,४०० रुपये होते. सुगीतला आणि पावसाळ्यातला भाव यांतल्या फरकातून तेवढे सुटत नसतील, तर दोन-तीन महिन्यांपुरतेच धान्य घ्यावे आणि दर आठवड्याला ४६० रुपये वेगळ्या डब्यात टाकत पुढच्या सुगीपर्यंत रोखीच्या बेगमीची तयारी करावी. बचत गटाकडून कमी व्याजाने रक्कम मिळत असेल, तर हाच हिशेब त्या दराने पुन्हा मांडून पाहावा.

वहीतले भाव वर्षातून दोनदा बदलावेत : एकदा सुगीनंतर बेगमी भरून झाल्यावर आणि एकदा दिवाळीनंतर, भाजी उतरू लागते तेव्हा. मधल्या काळात फक्त तेल, दूध आणि गॅस यांचे दर बदलले तेवढेच दुरुस्त केले तरी पुरते.